दाट केसांच्या कुत्र्याचं वजन बोटांनी ओळखा

दाट केसांचा कुत्रा लठ्ठ आहे की नुसता केसाळ, हे लांबून बघून सांगता येत नाही. स्पिट्झ, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की या सगळ्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ, त्यांच्याखाली कातडीलगत मऊ, दाट लोकर. या लोकरीत हवा अडकून राहते, त्यामुळे थंडी आत शिरत नाही. पण तिच्यामुळेच कंबर, बरगड्या, पोट सगळं एकसारखं गोल दिसतं. अंगाने भरलेला वाटणारा कुत्रा आतून हाडं वर आलेला असू शकतो. आणि ‘केसच फार आहेत हो त्याला’ असं ज्याच्याबद्दल आपण म्हणतो, त्याचं वजन खरंच दोन किलोने जास्त असू शकतं.

जातीनुसार वजनाचा तक्ता बघावा, तर त्यातही घोळ होतो. आपल्याकडे घरोघरी पांढरा ‘पॉमेरियन’ म्हणून जो कुत्रा असतो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. खऱ्या पॉमेरियनचं वजन दीड ते सव्वातीन किलोंच्या आसपास, तर लहान चणीचा स्पिट्झही पाच-सात किलोंचा भरतो. पॉमेरियनचा तक्ता बघून धडधाकट स्पिट्झचं खाणं कोणी निम्मं करू नये. जात नक्की माहीत असली तरी प्रश्न सुटत नाही. हस्की नराचं योग्य वजन २० ते २७ किलो सांगतात. या मर्यादेत राहूनही लहान हाडापेराचा २६ किलोंचा हस्की लठ्ठ असू शकतो आणि थोराड २६ किलोंचा अगदी ठणठणीत.

म्हणून हात लावायचा. कुत्रा उभा हवा, झोपलेला नको. मागे उभं राहून दोन्ही अंगठे त्याच्या पाठीच्या कण्यावर ठेवा आणि बोटं पसरून दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर टेका. वरून हात फिरवला तर फक्त केसच लागतात. बोटांची टोकं केसांत खुपसून कातडीपर्यंत न्या आणि हलकेच मागे-पुढे करा. आता तुलनेसाठी आपलाच हात घ्या. मूठ वळून दुसऱ्या हाताची बोटं तिच्या उंचवट्यांवर फिरवा: बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रा खंगलेला आहे. मूठ उघडून पंजा सरळ धरा आणि पालथ्या बाजूने, बोटांच्या मुळाशी चाचपा: पातळ थराखाली हाडं सहज कळतात. बरगड्या अशा लागल्या की वजन योग्य. तळहात उलथा करून आतून दाबावं तसं जोर लावल्याशिवाय हाड लागत नसेल, तर चरबी वाढली आहे. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवरही चाचपून बघा, तिथे चरबीच्या गाद्या साठतात.

डोळ्यांनी बघायची एकच चांगली वेळ, ती म्हणजे आंघोळ. केस भिजून अंगाला चिकटले की खरा आकार दिसतो. वरून पाहिल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली हवी, आणि बाजूने पोटाची रेघ मागच्या पायांकडे वर चढलेली हवी. त्या अवस्थेत वरून एक फोटो काढून ठेवला, तर पुढच्या आंघोळीला फरक लगेच कळतो.

पशुवैद्य हेच सगळं नऊ अंकांच्या पट्टीवर मांडतात. तिला बॉडी कंडिशन स्कोअर म्हणतात. डॉटी लाफ्लाम या अमेरिकी पशुआहारतज्ज्ञांनी ती १९९७ मध्ये पडताळून प्रसिद्ध केली. चार-पाच म्हणजे उत्तम, आणि पाचच्या पुढचा प्रत्येक अंक म्हणजे साधारण १० ते १५ टक्के जास्तीचं वजन. सात अंकांचा कुत्रा ‘थोडा गुबगुबीत’ दिसतो, पण त्याच्या अंगावर २० ते ३० टक्के ओझं असतं. याची किंमत मोजलेली आहे. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं जन्मभर दिलं गेलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं आणि भरपूर खाणाऱ्यांचं ११.२. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झाली. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं फार मोठी असतात.

आपल्या घरांत हे ओझं वाढतं ते मुख्य जेवणापेक्षा मधल्या घासांनी. सहा किलोंच्या स्पिट्झला नुसतं पडून राहायला दिवसाला सुमारे २७० कॅलरी लागतात, घरातल्या घरात वावरणाऱ्याला चारशेच्या आसपास. एका मध्यम पोळीत साधारण १०० कॅलरी असतात. म्हणजे आजोबांच्या ताटाजवळ बसून मिळवलेली एक पोळी हा त्याच्या दिवसाचा पाव भाग झाला. वरखाणं एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावं असं पशुवैद्य सांगतात. इथे ते अर्ध्या पोळीपेक्षाही कमी भरतं. नसबंदीनंतर गरज आणखी घटते, भूक मात्र घटत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती उलट्या बाजूची. म्हातारा, केसाळ कुत्रा आतून झिजत जातो आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. बरगड्यांवर अजून चरबी लागते, पण कपाळाच्या बाजूला खळगे पडलेले असतात, खांद्याचं पातं आणि कण्याचे मणके बोटांना टोकदार लागतात. हे स्नायू गेल्याचं लक्षण आहे. तरुण कुत्रा नीट खाऊनही वाळत असेल, तर जंत आणि गोचीड ताप यांची तपासणी करून घ्या; या केसांत गोचीडही सहज लपतात. बरगड्या टोचतात आणि पोट मात्र सुटलेलं आहे, ही तर चरबी नव्हेच. जंत असतील किंवा पोटात पाणी झालं असेल, तेव्हा लगेच डॉक्टर गाठा. खाणं वाढलेलं नसताना वजन वाढतंय, कुत्रा सुस्त झालाय, केस विरळ होताहेत, तर थायरॉइड तपासावं लागतं.

लठ्ठ कुत्र्याला उन्हाळ्यात धाप लवकर लागते, कारण अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. त्यावर केस भादरणं हा उपाय नाही. काही कुत्र्यांचे केस नंतर पूर्वीसारखे येत नाहीत. रोज विंचरून सुटलेली लोकर काढा आणि वजन उतरवा. त्यासाठी उपाशी ठेवू नका. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के घट पुरेशी आहे, म्हणजे आठ किलोंच्या स्पिट्झला ८० ते १६० ग्रॅम. घरच्या काट्यावर त्याला उचलून उभं राहिलात तर इतका बारीक फरक नीट कळत नाही, तेव्हा दर पंधरा दिवसांनी दवाखान्यातल्या एकाच काट्यावर वजन करा आणि तिथेच बरगड्याही चाचपा.