१९१५ ला फोन लावला म्हणजे केस टाकली असं नाही

मे महिन्यात गाडीचा एसी करून घेतला, बिल आलं ५,४०० रुपये, त्यात गॅस २,२००, लीक टेस्ट ७०० आणि कॉइल क्लीनिंग २,५०० असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं, आणि नवव्या दिवशी परत गरम हवा. दुसऱ्या मेकॅनिकने नायट्रोजनचं प्रेशर देऊन पाइपच्या जॉइंटवर साबणाचं पाणी लावलं तर लगेच बुडबुडे. म्हणजे टेस्टचे पैसे घेतले पण टेस्ट केलीच नव्हती. पहिला गॅरेजवाला काय म्हणाला, तर "साहेब, गॅसची गॅरंटी नसते."

रागाच्या भरात १९१५ ला फोन केला आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरलो की ग्राहक मंचात केस टाकलीय. टाकली नव्हती. हा घोळ खूप जण करतात.

१९१५ ही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाची हेल्पलाइन. ते तक्रार लिहून घेतात, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक देतात, तक्रार समोरच्याकडे पाठवतात आणि उत्तर मागतात, बस एवढंच, पैसे परत दे असा आदेश ते काढू शकत नाहीत. मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत त्यामुळे कंपनीच्या ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरचं भांडण असेल तर इथे खरंच काम होतं, आधी इथेच जा. नाक्यावरचा गॅरेजवाला मात्र असल्या मेलला कशाला भीक घालतोय!

जिल्हा ग्राहक आयोग हे वेगळं प्रकरण. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि तेव्हापासून मंचाचा आयोग झाला, आपण अजून मंचच म्हणतो ते सोडा. इथे लेखी तक्रार, प्रतिज्ञापत्र, पुरावे द्यायचे, तक्रार दाखल झाली की समोरच्याला नोटीस जाते, उत्तराला ३० दिवस आणि फार तर अजून १५. पैसे परत, नुकसानभरपाई, खर्च, सगळ्याचा आदेश होऊ शकतो आणि तो पाळला नाही तर दंड किंवा तुरुंगवास, ३ वर्षांपर्यंत. वकील लागत नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, स्वतः राहता त्या जिल्ह्यात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या सुद्धा. निकाल ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत असं कायद्यात आहे. तारखा पडतात हो, ते धरूनच चाला.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते मुदतीत. आयोगात जायला वाद सुरू झाल्यापासून २ वर्षं असतात आणि हेल्पलाइनचा डॉकेट उघडा आहे म्हणून ते घड्याळ थांबत नाही.

आणि गाडी अजून गॅरेजमध्येच असेल तर बिल न भरता अडून बसू नका, कारण कराराच्या कायद्यातल्या कलम १७० प्रमाणे कारागीर आपल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू शकतो. पैसे ऑनलाइन द्या, बिलाच्या कॉपीवर "काम मान्य नाही, हरकत नोंदवून पैसे दिले" असं लिहून तारीख टाका, त्याचा फोटो तिथल्या तिथे त्याला व्हॉट्सअॅप करा आणि बदललेले जुने पार्ट मागून घ्या. पक्कं बिल नसेल तर दोन्हीकडे बोंब.

माझा डॉकेट समोरून उत्तर नाही म्हणून बंद झाला. मग दुसऱ्या मेकॅनिककडून त्याच्या लेटरहेडवर लीक कुठे होता ते लिहून घेतलं, बुडबुड्यांचा फोटो जोडला आणि १५ दिवसांत पैसे द्या नाहीतर आयोगात येतो अशी नोटीस स्पीड पोस्टने पाठवली. बाराव्या दिवशी २,९०० आले, गॅस आणि टेस्टचे. कॉइलचे त्याने ठेवले, ती मात्र खरंच साफ केली होती.