इलेक्ट्रॉन उठला म्हणजे सुटला असं नाही

छतावरचं सिलिकॉनचं पॅनेल आणि प्रयोगशाळेत डाळिंबाच्या रसावर चालणारा सौरघट, दोघांनाही आपण एकाच वाक्यात उरकतो: ‘प्रकाश पडला, इलेक्ट्रॉन सुटला, वीज झाली.’ यातलं मधलं ‘सुटला’ दोन्हीकडे सारखं नाही.

आधी रसाचा घट, कारण तो हाताने करता येतो. पारदर्शक वाहक काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप देऊन भाजायचा. भिंतीच्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असते तीच ही पांढरी पूड. काच रसात ठेवली की थोड्या वेळात लेप जांभळट होतो आणि मग पाण्याने धुतला तरी रंग जात नाही. कपड्यावरच्या डागासारखा चिकटतो. रसातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचे शेजारशेजारचे दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट टायटॅनियमला धरून बसतात, म्हणून.

आता ऊन. पांढऱ्या पुडीला त्याचा फारसा उपयोग नाही, तिला 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं छोटं एकक), म्हणजे अतिनील किरण लागतात. दृश्य प्रकाश शोषतो तो रंगाचा रेणू. त्याचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो, पण राहतो त्याच रेणूत. उठला, घर सोडलं नाही! लेपातली रिकामी पातळी त्याच्यापेक्षा थोडी खाली असेल तरच तो पलीकडे उडी मारतो, तीही बहुतेकदा सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत. ही उडी म्हणजे प्रभाराचं हस्तांतरण. ती चुकली तर शोषलेली ऊर्जा उष्णता किंवा मंद प्रकाश होऊन वाया. उडी साधली, तर रेणूत पडलेली जागा घटात भरलेल्या द्रावणातलं आयोडाइड भरून काढतं आणि मल्टिमीटरवर 0.3-0.4 व्होल्ट दिसतात. 1991 मध्ये ओ’रीगन आणि ग्रेट्झेल या संशोधकांनी स्पंजासारखा सच्छिद्र लेप आणि रुथेनियमचं रंगद्रव्य वापरून याच मार्गाने सुमारे 7 टक्के कार्यक्षमता गाठली.

सिलिकॉनचं प्रकरण सरळ आहे. शोषणारा तोच, वाहून नेणारा तोच. इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली पोकळी एकमेकांना ओढतात खऱ्या, पण सिलिकॉनमध्ये ही ओढ जेमतेम 0.015 इलेक्ट्रॉन-व्होल्टची, खोलीच्या तापमानाची उष्णता 0.025 ची. जोडी आपोआप फुटते. पी-एन जोड, म्हणजे वेगवेगळी भेसळ केलेल्या सिलिकॉनच्या दोन थरांचा सांधा, इलेक्ट्रॉन ‘सोडवतो’ असं सर्रास म्हटलं जातं, ते मला खटकतं. तो सुटलेल्यांना दोन दिशांना पाठवतो, एवढंच.

कार्बनी पदार्थांत मात्र हीच ओढ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या काही दशांशांची. जोडी बांधलेलीच फिरते, तीही साधारण 10 नॅनोमीटर, आणि विझते. म्हणून तिथे देणारा आणि घेणारा असे दोन पदार्थ खेटून ठेवावे लागतात. 1986 मध्ये संशोधक टँग यांच्या दोन थरांच्या घटाने हेच करून सुमारे 1 टक्का कार्यक्षमता मिळवली.

उडी झाली की नाही, हे तपासायला तेच चमकणारं रंगद्रव्य अ‍ॅल्युमिनावर (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडवर) लावून बघतात. अ‍ॅल्युमिना इलेक्ट्रॉन घेत नाही, तिथे चमक टिकते; टायटॅनियम डायऑक्साइडवर मंदावते. पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण नुसती ऊर्जा शेजाऱ्याला दिली तरी चमक मंदावतेच. इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूचा प्रकाश शोषण्याचा रंग वेगळा असतो. तो दिसला, तर इलेक्ट्रॉन खरंच गेला.