पाणी वर आलं की पाइप कापला?
ओपनकास्ट कोळसा खाणींच्या आसपास पिझोमीटरची रीडिंग घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मे आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात एकच फोन पुन्हा पुन्हा येतो : "रीडिंग कधीच पाठवली, आलेख का अडलाय?" मोबाइलवर आलेला मेसेज असा असतो : पीझेड-४, १७.८०. पीझेड म्हणजे पिझोमीटर, जमिनीखालच्या पाण्याची पातळी मोजायला पुरलेला उभा पाइप. तारीख असते, सही असते. पण हे १७.८० मीटर कुठून मोजले, ते नसतं. आलेख अडतो तो तिथेच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. वणीकडच्या एका खाणीत (नाव सांगत नाही) पीझेड-४ ची केसिंग (बाहेरचा पाइप) जमिनीवर ७५ सेंटीमीटर उभी होती. केसिंगच्या तोंडाची आरएल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, २१२.६४ मीटर. एप्रिलमध्ये पाणी तोंडापासून १८.४० वर, म्हणजे पाण्याची पातळी १९४.२४. मे महिन्यात रीडिंग आलं १७.८०. भर उन्हाळा, सम्पवरचे (खाणीच्या तळाशी पाणी साचायच्या खड्ड्यावरचे) पंप रात्रंदिवस चालू, आणि पाणी ६० सेंटीमीटर वर! आम्ही आलेख थांबवला. टेप (पाण्याला टेकताच वाजणारी) तपासा म्हटलं, बॅटरी बदला म्हटलं, दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या म्हटलं. पुन्हा १७.८०. शेवटी आमचा मुलगा ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन गेला. ओबी डंपचा (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगाचा) रस्ता सपाट करताना डोझरचा धक्का लागून केसिंग वाकली होती. तिथल्या लोकांनी वाकलेला भाग कापून झाकण पुन्हा नीट बसवलं होतं. तोंडाची आरएल झाली होती २१२.०४. त्यातून १७.८० वजा करा : १९४.२४. पाणी जागचं हललंही नव्हतं. यात सतरा दिवस गेले, आणि अहवाल उशिरा गेल्याचं खापर आमच्यावर फुटलं.

साठ सेंटीमीटरने काय होतं, असं कुणी विचारतं. खाणीचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की चहूबाजूंचं पाणी त्याकडे उतरतं. हा उतार किती आणि कुठवर पोचलाय, हेच तर आपण मोजतो. पाचशे मीटर अंतरावरच्या दोन पिझोमीटरमधला फरक बऱ्याचदा मीटर-दीड मीटरच असतो. त्यात साठ सेंटीमीटरची चूक असेल तर उतार अर्ध्यावर येतो. उद्या शेजारच्या गावातला शेतकरी विहीर आटली म्हणून अर्ज घेऊन आला, तर तुमच्या बाजूने बोलायला हे आकडेच असतात. विरुद्ध बोलायलाही तेच.

विहिरींचंही तसंच. कठड्याच्या एका बाजूने यंदा, दुसऱ्या बाजूने पुढच्या वर्षी, असं मोजू नका. कठड्यावर ऑइलपेंटने बाण काढा आणि कायम तिथूनच टेप सोडा. शिवाय विहीर आणि पिझोमीटर यांची पातळी एका रेघेत जोडू नका. विहीर दहा-बारा मीटरची, काळ्या मातीखालच्या झिजलेल्या थरातलं पाणी दाखवणारी. कोळसा असतो त्याच्या खूप खाली, बराकर नावाच्या थराच्या वाळूखडकात. वर्धा खोऱ्यात त्याच्यावर बऱ्याच ठिकाणी कामठी नावाच्या थराचा वाळूखडक असतो, आणि तोही भरपूर पाणी धरतो. मध्ये चिकणमातीचा पट्टा असला तर खाली पाणी ओढलं तरी विहिरीला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. म्हणून पिझोमीटरच्या जाळीचा पाइप किती खोलीपासून किती खोलीपर्यंत आहे, हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारतो. चौकशी म्हणून नाही.

"आता लॉगर बसवलाय, टेप कशाला?" हाही नेहमीचा प्रश्न. लॉगर म्हणजे पाण्यात सोडलेला डिजिटल रेकॉर्डर, दाबावरून पातळी आपोआप नोंदवणारा. २०२० च्या केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनंतर डिजिटल रेकॉर्डरची मागणी वाढली, आणि आम्ही ते विकतो, नाकारत नाही. पण हवेची नळी नसलेला लॉगर पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतो. ठाणे खाडीकाठी, चंद्रपूर समुद्रसपाटीपासून १९० मीटरच्या आसपास. एवढ्या फरकाने हवेचा दाब साधारण २० हेक्टोपास्कल कमी भरतो, आणि तो लॉगरवर २० सेंटीमीटर पाणी म्हणून उमटतो. म्हणून आम्ही इथे वर्कशॉपमध्ये झिरो करून देत नाही, साइटवर टेपने मोजून करतो. हवेचा दाब नोंदवणारा वेगळा लॉगर साइटमागे एक घ्यायला लावतो. बिल वाढवायला असं करतात, हे ऐकून झालंय. एकच पुरतो, आणि वीस पिझोमीटरलाही तोच चालतो.

पाण्याच्या नमुन्याबद्दल थोडक्यात. १०० मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला पावणेआठ-आठ लिटर पाणी असतं. वीस मीटर पाणी असेल तर दीडशेच्या वर. त्याच्या तिप्पट उपसल्यावर बाटली भरायची, दोन बादल्यांनी भागत नाही. लोहासाठीची लाल झाकणाची बाटली वेगळी असते आणि तिच्यात आधीच ॲसिड घातलेलं असतं. ती विसळू नका. विसळलेली बाटली ठाण्याला पोचेपर्यंत चहाच्या रंगाची होते, मग सगळं नव्याने.

खाणींच्या पर्यावरण मंजुरीत पातळी सहसा जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशी चार वेळा मागतात. त्यातल्या मे आणि नोव्हेंबरच्या तारखा आमच्याकडे लवकर भरतात, म्हणून महिनाभर आधी कळवा. पहिल्या सर्व्हेबरोबर प्रत्येक केसिंगवर नंबर, आरएल आणि मोजायची खूण कोरलेली पट्टी आम्ही बसवून देतो, तिचे पैसे वेगळे लावत नाही. रीडिंग पाठवताना टेप लावलेल्या जागेचा, पट्टी दिसेल असा फोटो जोडा.

पाइप कापावाच लागला तर कापलेला तुकडा फेकू नका. त्याची लांबी मोजून त्याच दिवशी कळवा. पीझेड-४ चा तुकडा शेवटी चौकीदाराच्या केबिनमध्ये सापडला, काठी आणि छत्री ठेवायला वापरत होते. मोजला, बरोब्बर साठ सेंटीमीटर. आधी कळलं असतं तर आमच्या मुलाची वणीची फेरी आणि तुमचं त्याचं बिल, दोन्ही वाचलं असतं.