जोडकेळं, दोन शुक्राणू आणि अंड्याचं बंद होणारं दार

मागच्या महिन्यात एका डोहाळजेवणाला गेले होते. फळांच्या ताटात एक जोडकेळं आलं तर मुलीच्या आजेसासूबाईंनी ते लगेच उचलून बाजूला ठेवलं, "हे नको गं, जुळं होईल." सातवा महिना चालू. जुळं व्हायचं की नाही हे पहिल्या दोनेक आठवड्यांतच ठरून गेलेलं असतं, आणि जोडकेळं म्हणजे शेजारची दोन कोवळी केळी वाढताना एकमेकांना चिकटली, एवढंच. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. तिथेच बसलेली एक बीएस्सी झालेली मुलगी म्हणाली, "केळ्याने नाही हो आजी, एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले की जुळं होतं." हा समज मी इतक्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलाय की म्हटलं आता नीट लिहूनच काढावं.

एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले तर जुळं होत नाही, बहुतेक वेळा गर्भच टिकत नाही. आणि तसं होऊ नये म्हणून अंडं जी काही धडपड करतं ना, तो मला सगळ्या जीवशास्त्रातला सगळ्यात सुंदर प्रकार वाटतो.

वीस-तीस कोटी शुक्राणू निघतात, त्यातले गर्भनलिकेत अंड्याच्या आसपास पोचतात जेमतेम काहीशे. अंडं असतं साधारण 0.1 मिलिमीटरचं, नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढं दिसेल असं. त्याच्याभोवती एक पारदर्शक जाड कवच असतं, झोना पेल्युसिडा. शुक्राणू त्या कवचाला चिकटतो, ते पार करतो आणि आतल्या अंड्याच्या पडद्याला जाऊन भिडतो. तिथे शुक्राणूवरचं एक प्रोटीन अंड्यावरच्या एका प्रोटीनला धरतं. शुक्राणूवरचं 2005 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं आणि त्याला इझुमो नाव दिलं, लग्नं जुळवणाऱ्या देवाचं तिथलं प्रसिद्ध देऊळ आहे त्यावरून. अंड्यावरचं 2014 मध्ये इंग्लंडमध्ये सापडलं, त्याचं नाव जुनो, रोमन लोकांची विवाहाची देवता.

आता खरी गंमत. शुक्राणू अंड्यात मिसळला की तो स्वतःबरोबर पीएलसी झीटा नावाचं एक एन्झाइम आत आणतो, त्याने अंड्यात साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि जिथून शुक्राणू शिरला तिथून कॅल्शियमची लाट अख्ख्या अंड्यातून पलीकडच्या टोकापर्यंत जाते, मग थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी, अशा लाटा कित्येक तास चालू राहतात. अंड्याच्या पडद्याला आतून लागून हजारो बारीक पिशव्या तयार बसलेल्या असतात. लाट आली की त्या बाहेरच्या बाजूला फुटतात आणि त्यातून ओव्हास्टॅसिन नावाचं एन्झाइम बाहेर पडतं, ते कवचातलं झेडपी-2 हे प्रोटीन कापतं. नवीन शुक्राणू चिकटतो तो नेमका याच प्रोटीनला, ते कापलं गेलं की बाकीचे कितीही आले तरी त्यांना धरायला जागाच नाही. शिवाय उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की अंडं पाऊण तासाच्या आत पडद्यावरचा सगळा जुनोसुद्धा टाकून देतं. म्हणजे बाहेरचं दारही बंद आणि आत धरायलाही काही उरलेलं नाही!

आणि तरीही दुसरा शिरलाच तर? आईकडचे 23, दोन शुक्राणूंचे 23-23, एकूण 69 क्रोमोसोम. शिवाय प्रत्येक शुक्राणू एक सेंट्रिओल घेऊन येतो, पेशी दुभंगताना क्रोमोसोम दोन बाजूंना ओढणारे दोरे त्याच्यावरून उभे राहतात. दोन शुक्राणू म्हणजे दोनाऐवजी तीन टोकं तयार होऊ शकतात आणि क्रोमोसोम तिन्हीकडे वाटेल तसे ओढले जातात. म्हणूनच आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी, 16 ते 18 तासांनी, एम्ब्रियॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली अंड्यातली क्रोमोसोमची वर्तुळं मोजतात. दोन दिसली, एक आईचं एक बापाचं, तर ठीक. तीन दिसली तर तो गर्भ वापरत नाहीत. मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमच्या प्रयत्नातून 6 ऑगस्ट 1986 ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्याला आता चाळीस वर्षं होत आली, तरी आपण अजून केळ्यातच अडकलोय याचं वाईट वाटतं.

मग जुळी होतात कशी? एक म्हणजे एकाच महिन्यात दोन अंडी सुटतात आणि प्रत्येकात एकेक शुक्राणू जातो. ही नेहमीची भावंडंच, फक्त एकाच वेळी पोटात असलेली. आईच्या घराण्यात अशी जुळी असतील, तिचं वय पस्तिशीकडे गेलेलं असेल, किंवा अंडी वाढवायची औषधं चालू असतील तर याची शक्यता वाढते. दुसरं म्हणजे एकच अंडं, एकच शुक्राणू, पण झालेला गर्भ नंतर दुभंगतो, ही आयडेंटिकल जुळी. पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगला तर दोघांना वेगवेगळी वार (प्लासेंटा), चौथ्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास असेल तर वार एक पण बाळांभोवतीच्या पाण्याच्या पिशव्या दोन, त्याहून उशीर झाला तर पिशवीही एकच, आणि तेराव्या दिवसानंतर शरीरं जोडलेली राहण्याचा धोका. म्हणून "दोन वारा आहेत म्हणजे आयडेंटिकल नाहीत" हेही चूक. आणि वार एकच असेल तर एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाण्याचा धोका असतो, त्यामुळे 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीत वारा किती हे डॉक्टरांना नक्की विचारा, पुढे सोनोग्राफी किती वेळा करायची ते त्यावर ठरतं.

नियमाला अपवाद मात्र सापडलाय. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एका बाईच्या सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत एकच वार दिसली, म्हणजे आयडेंटिकल जुळी. चौदाव्या आठवड्यात बघतात तर एक मुलगा, एक मुलगी! तपासल्यावर कळलं की एका अंड्यात खरोखर दोन शुक्राणू शिरले होते, क्रोमोसोम तीन टोकांकडे ओढले गेले आणि त्यातून नशिबाने जगण्याजोग्या पेशी तयार होऊन दोन बाळं वाढली. आईकडचा डीएनए दोघांचा शंभर टक्के सारखा, बापाकडचा 78 टक्के. हे 2019 मध्ये छापून आलं, त्याआधी अशी एकच जोडी माहीत होती, 2007 मध्ये अमेरिकेतून कळवलेली. मग त्याच संशोधकांनी वेगळ्या अंड्यांतून झालेल्या म्हणून नोंदलेल्या नऊशेहून जास्त जुळ्यांचा डेटा पुन्हा चाळून पाहिला, त्यात अशी आणखी एकही जोडी निघाली नाही.