करोनाचे नवे उपप्रकार आणि लसींचे संरक्षण

करोना विषाणू (सार्स-कोव्ह-२) रूप बदलत गेला, तरी कोविड-१९ वरील लसी त्याच्यापासून कितपत वाचवतात, हा साथरोगशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका टक्केवारीत देता येत नाही. संसर्ग न होणे, लक्षणे न दिसणे आणि आजार जिवावर न बेतणे हे तीन वेगवेगळे फायदे आहेत, आणि विषाणूतील बदलांचा तिन्हींवर सारखा परिणाम होत नाही.

पहिल्या लसी २०२० च्या सुरुवातीच्या मूळ विषाणूवर बेतलेल्या होत्या. फायझर-बायोएनटेकच्या लसीने लक्षणे असलेल्या आजारापासून चाचणीत ९५ टक्के संरक्षण दिले, पण तेव्हा समोर होता तो जवळपास मूळ विषाणूच. बीटा आणि गॅमा उपप्रकारांत काटा-प्रथिनातील (विषाणूच्या पृष्ठभागावरील, पेशीत शिरायला मदत करणारे प्रथिन) ४८४ व्या जागेवरचे ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल जाऊन तिथे लायसिन हे दुसरे अमिनो आम्ल आले. ऋण भाराच्या जागी धन भार आल्याने विषाणूला चिकटून त्याला अडवणाऱ्या अनेक प्रतिपिंडांची (अँटिबॉडी) पकड सुटली. दक्षिण आफ्रिकेतील चाचणीत बीटामुळे होणाऱ्या सौम्य ते मध्यम आजारावर अॅस्ट्राझेनेकाची लस फारशी चालली नाही आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या देशाने तिचा वापर थांबवला. चाचणीतील बहुतेक जण तरुण होते, त्यामुळे गंभीर आजाराबाबत तिच्यातून काही ठरवता येत नव्हते. ही मर्यादा तेव्हाच्या चर्चेत मागे पडली.

डेल्टाच्या वेळी इंग्लंडमधील पाहणीत फायझरचे दोन डोस लक्षणे असलेल्या आजारावर सुमारे ८८ टक्के, तर अॅस्ट्राझेनेकाचे ६७ टक्के परिणामकारक ठरले. एका डोसचे संरक्षण मात्र दोन्हींच्या बाबतीत जेमतेम ३० टक्के होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आढळलेल्या ओमिक्रॉनच्या काटा-प्रथिनात तिसाहून अधिक बदल होते. त्याच्याविरुद्ध फायझरच्या दोन डोसांचा लक्षणे असलेल्या आजारावरचा परिणाम सुरुवातीला सुमारे ६५ टक्के होता. सहा महिन्यांत तो दहा टक्क्यांच्याही खाली गेला. बूस्टरने (नंतरच्या वाढीव डोसाने) तो पुन्हा वाढला आणि पुन्हा ओसरू लागला.

गंभीर आजारापासूनचे संरक्षण मात्र एवढे ढासळले नाही. प्रतिपिंडे काटा-प्रथिनाच्या बाह्य आकाराला चिकटतात, त्यामुळे थोडा बदलही त्यांना चकवू शकतो. टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींचे काम वेगळे आहे. बाधित पेशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते, ते तुकडे टी पेशी ओळखतात. हे तुकडे प्रथिनभर विखुरलेले असतात आणि प्रत्येकाच्या शरीरात थोडे वेगळे निवडले जातात. त्यामुळे मोजक्या बदलांनी सगळ्यांच्या टी पेशींना एकदम हुलकावणी देणे विषाणूला जमत नाही. शिवाय आधीच्या लसीची वा संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या स्मृतिपेशी काही दिवसांत नवी प्रतिपिंडे बनवतात. संसर्ग रोखायला त्यांना उशीर होतो, पण बहुधा आजार बळावण्याआधी त्या कामाला लागतात. म्हणूनच ‘लस घेऊनही करोना झाला, म्हणजे लस फुकट गेली’ हा निष्कर्ष चुकीचा आहे.

२०२२ पासून लसींचे घटक बदलले जाऊ लागले: आधी मूळ विषाणू व ओमिक्रॉन अशी द्विसंयुजी लस, मग २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५ वर आणि २०२४ मध्ये जेएन.१ वंशावर (दोन्ही ओमिक्रॉनचेच पुढचे प्रकार) बेतलेल्या लसी आल्या. शरीर पहिल्यांदा भेटलेल्या रूपाची आठवण आधी जागवते, त्यामुळे नव्या लसीचा लाभ काही अंशी मर्यादित राहतो. तिचा सर्वाधिक उपयोग वृद्धांना आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना होतो. अवयवप्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये मुळातच कमी प्रतिपिंडे तयार होतात, म्हणून त्यांना जादा डोस सुचवले जातात.