विज्ञान इमारत, विद्यापीठातील

विद्यापीठाच्या आवारात प्रयोगशाळा, अध्यापनकक्ष व संशोधकांच्या खोल्या एकत्र सामावणारी वास्तू. तिचा आराखडा खोल्यांपासून नव्हे, तर हवा, पाणी, वायू व वीज वाहून नेणाऱ्या मार्गांपासून सुरू करावा लागतो. दर्शनी भागाचे चित्र आधी रंगवले की हे मार्ग पुढे कुठेतरी कोंबावे लागतात.

सर्वांत जास्त जागा आणि ऊर्जा हवेला लागते. घातक बाष्पे ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडच्या (समोरून उघडणाऱ्या कपाटाच्या) तोंडाशी हवेचा वेग साधारणतः सेकंदाला ०.५ मी. ठेवतात. ही हवा पुन्हा आत फिरवता येत नाही. जेवढी बाहेर जाते तेवढीच ताजी हवा थंड वा गरम करून आणावी लागते. त्यामुळे हूड किती लागतील, हे रसायनशास्त्र विभागाला पहिल्याच बैठकीत विचारलेले बरे. नंतर संख्या वाढली, तर डक्टला (हवा वाहून नेणाऱ्या नळाला) वाट उरत नाही. प्रयोगशाळेतील दाब बाहेरच्या मार्गिकेपेक्षा किंचित कमी ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी बाष्पे बाहेर पसरत नाहीत.

खरी ओढाताण मजल्यांच्या वाटणीत होते. गच्चीपर्यंतचे डक्ट आखूड राहावेत म्हणून रसायनशास्त्र वरच्या मजल्यावर सोयीचे. पण अमेरिकी अग्निसुरक्षा नियमांत ज्वलनशील द्रव्यांच्या साठ्याची मर्यादा वरच्या मजल्यांवर घटत जाते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला कंपने सोसत नाहीत, म्हणून तो जमिनीवरच्या भक्कम लादीवर, लिफ्ट व रहदारीपासून दूर ठेवतात.

अमेरिकी वास्तुकार लुई कान यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी आखलेल्या रिचर्ड्स प्रयोगशाळांत (१९६०) हवेचे मार्ग व जिने विटांच्या स्वतंत्र मनोऱ्यांत नेले. वास्तुशास्त्रज्ञांनी त्या डोक्यावर घेतल्या. आत काम करणाऱ्यांना मात्र उन्हाची तिरीप आवरण्यासाठी खिडक्या झाकाव्या लागल्या. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत (१९६५) त्यांनीच प्रयोगशाळांच्या वर माणूस उभा राहून दुरुस्ती करू शकेल असे सेवा-मजले दिले. बांधणीचा खर्च यात वाढतो, पण वाहिनी बदलताना खालचा प्रयोग बंद ठेवावा लागत नाही.

उपकरणे आणि विषय इमारतीपेक्षा लवकर बदलतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेची 'बिल्डिंग २०' (१९४३) युद्धकाळापुरती लाकडात उभारली होती. ती १९९८ पर्यंत वापरात राहिली, कारण संशोधक हवी तेव्हा भिंत पाडत, हवी तिथून वायर नेत. आता सारख्या मापाचे विभाग, हलवता येणारी टेबले व छतातून सोडलेल्या जोडण्या देऊन ती मुभा आराखड्यातच ठेवतात.