एचओ आणि ओओ: रूळ एकच, डबा एक नाही

मॉडेल रेल्वेचा डबा लाकडात घडवताना मोडक्या मॉडेल डब्याच्या बोगी (डब्याखालचे चाकांचे वळते सांगाडे) त्याच्या खाली लावल्या, गाडी रुळावर फिरली, म्हणजे मापं जुळली असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. फिरली यावरून फक्त गेज जुळलं एवढंच कळतं. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. खरी वस्तू किती पट लहान केली, ते स्केल. मॉडेल रेल्वेच्या दोन स्केलांपैकी एचओ १:८७, ओओ १:७६.२, आणि दोन्ही धावतात १६.५ मिमीच्याच रुळावर. सगळा घोळ इथेच होतो.

आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या घडणीचा, खरा डबा २१,३३७ मिमी लांब, ३,२४५ मिमी रुंद. एचओमध्ये तो २४५ बाय ३७.३ मिमी होतो, ओओमध्ये २८० बाय ४२.६. एचओच्या मांडणीवर ओओचा डबा आणलात तर तो फलाटाला घासणार.

खरी फसगत चाकांत आहे. आयसीएफचं नवं चाक ९१५ मिमी, म्हणजे एचओमध्ये साडेदहा. अमेरिकी एचओ डब्यांची ३६ इंची चाकं नेमकी याच मापाची असतात, तीच शोधा. ओओच्या प्रवासी डब्यांना बहुधा १४ मिमीची चाकं येतात. ती लावली की डबा पावणेदोन मिमी उचलला जातो, कपलिंग जुळत नाही, आणि वळणावर चाक तळाच्या फळीला घासून गाडी उतरते. मग लोक रुळाला दोष देतात! चाक मोजायला व्हर्नियर कॅलिपर लावा, पण कडेच्या उंच कंगोऱ्यावर नको. रुळावर टेकणाऱ्या भागावर.

दुसरं टोक गाठणारेही आहेत. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिमी, त्याला १६.५ ने भागून १:१०२ काढतात आणि २१० मिमीचा डबा कापतात. एचओ इंजिनामागे तो खुजा दिसतो. १:८७ ला रूळ १९.३ मिमी हवा हे खरं, पण ती पावणेतीन मिमीची तूट चाकांच्या सावलीत लपते. डब्याचं माप लपत नाही. डब्याच्या अंगाला १:८७च धरा.

लाकडाचा प्रश्न सोपा आहे: बाजूंना दीड मिमी बासवुड, छताला बाल्सा. बाल्सात खिडक्या कापल्या की कडांना तुसं निघतात.

एक बोगी फक्त डावी-उजवी वळेल इतकीच आवळा, दुसरी डुलेल इतकी सैल ठेवा. दोन्ही आवळल्या तर रुळाच्या उंचसखल सांध्यावर एक चाक हवेत राहतं. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या हिशेबाने या लांबीच्या एचओ डब्याचं एकूण वजन सुमारे १६५ ग्रॅम हवं; लाकूड हलकं, म्हणून शिशाचे तुकडे दोन्ही बोगींच्या वर, तळफळीला चिकटवा, छताला कधीच नाही.